भगरीच्या पिठाचं बिल

"शैलाताई, तीन नंबरच्या रॅकला आप्पा पुडी हुंगाय लागलेत," असं अर्चना माझ्या कानाशी लागून सांगून गेली, तेव्हा माझ्या काउंटरपुढं सात माणसं उभी होती आणि माझ्या हातात एका बाईंची फरशी पुसायची काठी होती. काठीवरचा बारकोड काही केल्या मशीनला दिसत नव्हता.

मी मान उंचावून बघितलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे. माझे वडील उपवासाच्या जिनसांच्या रॅकपाशी उभे होते. त्यांनी पिठाची एक पुडी नाकाशी नेली, मग कानाशी धरून हलवली, मग दोन्ही तळव्यांत धरून दाबली. तिथून जाणारी एक बाई थांबून हा सोहळा बघत होती.

"जरा बस इथं," मी अर्चनाला म्हटलं आणि काठी तिच्या हातात देऊन उठले.

आप्पा रोज यायचे. पूजा आटपून अकराच्या सुमाराला बझारात एक चक्कर मारायचे, विकत काही घ्यायचे नाहीत. बसलिंगआप्पा शेट्यांचं किराणा दुकान कासारगावच्या पेठेत एकेचाळीस वर्षं चाललं, आणि स्टँडसमोर सुगी बझार उघडल्यावर चार वर्षांत बंद पडलं. तीन जिल्ह्यांत अकरा शाखा असलेल्या बझारापुढं आमचा काय टिकाव लागणार होता? गावाला तरी दोष कुठल्या तोंडानं देऊ? एसटी चुकलेली माणसं तिथं गार हवा खायला यायची, सासुरवाशिणी कुणाला न विचारता तासभर तिथं हिंडायच्या, आसपासच्या खेड्यांतल्या बावीस मुलींना तिथं नोकरी होती. त्या बावीस जणींत मी एक, आणि वयानं सगळ्यांत थोरली. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले त्याच साली दुकान बंद झालं. आई आधीच गेलेली. मॅनेजर इंगवलेसाहेब स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, "आप्पा, तुमची मुलगी आम्हाला द्या. तिला मालाची जाण आहे." मागणी घालायला आल्यासारखेच बोलले. आप्पा एवढंच म्हणाले, "जाण हाय खरी."

ती जाण मला कशी आली ते सांगते. दुकानात कसलंही नवं पोतं आलं की आप्पा त्यातलं चिपटंभर आधी घरी पाठवायचे. ते आई शिजवायची, आम्ही खायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोत्याचं तोंड गिऱ्हाइकाला उघडायचं. तांदूळ, तूर, शेंगदाणे, गूळ, काही सुटायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा हरभऱ्याच्या डाळीनं मला रात्रभर पोटात कळा आल्या, तर सकाळी आप्पांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला आणि मग दहा पोती सांगलीला परत धाडली. आमच्या घरात याचं कुणाला नवल वाटायचं नाही.

मी रॅकपाशी पोचले. "आप्पा, काय चाललंय? माणसं बघाय लागलीत."

"बघू देत की," आप्पा म्हणाले. "ही पुडी धर. दाब."

मी दाबली. आत गोळा झाला.

"आता शिवणीपाशी वास घे."

मी वास घेतला. कुबट होता, ओल्या गोणपाटाचा. अगदी पुसट, पण दुकानात वाढलेल्या नाकाला कळेल इतका होता.

"भगरीचं पीठ हाय हे," आप्पा म्हणाले. "भगर दाणाच इकायची असती, शैला. दळून ठेवली की ती ओल धरती. आन पावसाळा अजून सरलेला न्हाई. चार दिवसांवर घट बसायचेत. निम्मं गाव नऊ दिवस हेच खाणार. रिकाम्या पोटी असलं पीठ गेलं की माणूस थरथराय लागतंय, उलट्या करून करून डोळं पांढरं करतंय. म्हातारं-कोतारं असलं तर मग इचारूच नको. काढ ही समदी हितनं."

"मी कशी काढू? मी काउंटरवर असते."

"मग साहेबाला सांग."

मघापासून बघत उभी राहिलेली बाई आता पुढं सरकली. "आप्पा, मी घेनार हुते की ह्यो पुडा. घेऊ नको म्हंतासा व्हय?"

"नको घेऊस. दाणा घे, निवड, घरी दळ," आप्पा म्हणाले. बाईनं पुडी जाग्यावर ठेवली. मी वर बघितलं तर कॅमेऱ्याचा काळा डोळा नेमका आमच्यावर होता.

दहा मिनिटांत मला केबिनमध्ये बोलावणं आलं. इंगवलेसाहेब माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी बारसं असलं की ते सुट्टी द्यायचे आणि वर तोंड गोड करायला पेढे मागायचे. पण त्या दिवशी ते खुर्चीत मागं टेकले नाहीत.

"शैलाताई, तुमच्या वडिलांचा मान मी ठेवतो. पण ते आपल्या दुकानात उभं राहून आपलाच माल घेऊ नका म्हणून सांगतात. वरचे लोक हे फुटेज बघतात. पलूसच्या शाखेत मागच्या महिन्यात दोन मुली घरी बसवल्या. का, तर बिस्किटं शिळी आहेत म्हणून गिऱ्हाइकाला सांगितलं."

"पण साहेब, पीठ खरंच कुबट आहे. मी वास घेतला."

"तुम्ही वास घेतला हे मला सांगितलंत ते ठीक. बाहेर सांगू नका. आणि आप्पांना म्हणावं, गिऱ्हाईक म्हणून या, काहीतरी घ्या, जा. नुसतं फिरणं बंद."

मी घरी जाऊन आप्पांना हे सांगितलं तेव्हा माझी मान खाली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्यानं उभ्या गावाला खायला घातलं त्याला, मी सांगत होते की आता नुसतं फिरायचं नाही. मला माझीच लाज वाटली. आप्पांनी मात्र नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे गिऱ्हाईक म्हणून आलो तर चालतंय?"

"चालतंय."

"झालं तर मग," ते म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आप्पा अकरा वाजता आले ते ट्रॉली ढकलत. जन्मात त्यांनी ट्रॉलीला हात लावला नव्हता. तिचं एक चाक अडत होतं, त्यामुळं ती डावीकडं वळत होती आणि आप्पा तिला बैलासारखं दामटून सरळ आणत होते. ट्रॉलीत भगरीच्या पिठाच्या चौदा पुड्या होत्या. रॅकवर होत्या तेवढ्या सगळ्या.

"आप्पा, हे काय?"

"गिऱ्हाईक हाय मी," आप्पा म्हणाले आणि बंडीच्या खिशातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. मागं उभ्या असलेल्या माणसांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, एवढा उपास झेपंल का?" आप्पाही हसले.

संध्याकाळी घरी आले तर परसात फणसाखाली माती उकरलेली दिसली. चौदाच्या चौदा पुड्या फोडून आप्पांनी पुरल्या होत्या आणि वर दगड ठेवला होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. हातपाय धुऊन ते ओसरीवर निवांत बसले होते. दुकानदाराचा हिशेब सरळ असतो: खराब माल फळीवरनं गेला की प्रश्न मिटला. मलाही हायसं वाटलं. त्या रात्री आम्ही बऱ्याच दिवसांनी पोटभर गप्पा मारल्या.

गुरुवारी सकाळी बझाराच्या डेपोतून मालाची गाडी आली. माल उतरवून घेणारा पोरगा पावती वाचत होता आणि मी आत शिरता शिरता ऐकलं, "भगर पीठ, साठ नग."

मला वाटलं, चुकून आलं असेल. मी केबिनमध्ये गेले. इंगवलेसाहेब कौतुकानं म्हणाले, "काल अर्ध्या तासात चौदा खपल्या ना. आपल्या शाखेचा खप सगळ्यांत जास्त दिसला. मशीनच ऑर्डर टाकतं, आपण काही करायचं नसतं. आता दारातच ढीग लावा, नवरात्र स्पेशलचा बोर्ड वर."

मला हसावं की रडावं कळेना. आप्पांनी स्वतःच्या पैशानं त्या पिठाची जाहिरात केली होती.

अकरा वाजता आप्पा आले. दारातच साठ पुड्यांचा ढीग, वर झेंडूच्या कागदी माळा. आप्पा ढिगापुढं थांबले. एक पुडी उचलून दाबली, वास घेतला, ठेवून दिली. तोच वास असणार. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काउंटरवर बसल्या जागी हातानंच खूण केली, घरी सांगते म्हणून. ते माघारी वळले.

मी पुन्हा केबिन गाठली. त्या वेळी मला भीती वाटली नाही, कारण रागच जास्त होता. "साहेब, आत गोडाऊनमध्ये ठेवूया. नवरात्र गेलं की बघू."

"रोज संध्याकाळी मांडणीचा फोटो जातो वर. ढीग दिसला नाही तर मला फोन येईल."

"मग वरच्यांना फोन करून सांगा."

"केला," इंगवलेसाहेब म्हणाले. "परवाच केला, तुम्ही सांगितल्यावर. म्हणाले, कंप्लेंट टाका. बघा, ही कंप्लेंट."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. एक तक्ता होता. मालाचं नाव भरलेलं, शाखा भरलेली. खाली दोन रिकामे चौकोन. ग्राहकाचा बिल नंबर. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. इंगवल्यांनी बटण दाबलं. पडदा लाल झाला आणि पान तिथंच राहिलं.

"परवापासनं चारदा दाबलंय," ते म्हणाले. "हे दोन भरल्याशिवाय पुढं जात नाही. आणि कर्मचाऱ्याचं बिल चालत नाही. मी घेतलं तर नाही, तुम्ही घेतलं तर नाही. हे भरलं की मात्र अकराही शाखांत एका मिनिटात विक्री बंद होते. कोडच चालत नाही." त्यांनी पडदा परत स्वतःकडं वळवून घेतला. "माझी आई नऊ दिवस धरते, शैलाताई. मी तिला कालच सांगितलं, पीठ नको, दाणा आण."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याचाही पाय त्याच चिखलात होता.

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा आप्पांनी ताटं मांडून ठेवली होती. मी ताटावर बसले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "कशाला घेतल्या चौदा पुड्या? खपल्या म्हणून साठ आल्या. आता साठ घेतल्या तर दोनशे येतील. तुमचं दुकान नाही ते, आप्पा. तिथं माणूस बघत नाही, मशीन बघतं."

"मग मशीनला सांगायचं कसं?"

"बिल नंबर लागतो. आणि डॉक्टरची चिठ्ठी. कुणीतरी विकत घेऊन, खाऊन, आजारी पडल्याशिवाय ते पान पुढं सरकत नाही. कळलं?"

आप्पांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "कुनाचं बी बिल चालतंय?"

"कर्मचाऱ्याचं सोडून कुणाचंही." मग मला एक युक्ती सुचली. "आप्पा, असं करू. तुमच्याकडं कालचं बिल आहे ना? आपण सांगू, तुम्ही खाल्लं आणि उलट्या झाल्या. डॉक्टर ओळखीचे आहेत, चिठ्ठी देतील."

"बिल मी घेतलंच न्हवतं. आन खाल्लं न्हाई ते खाल्लं म्हणून सांगायचं?" आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एकेचाळीस वर्सं मी तराजू धरलाय, शैला."

ते हात धुवायला उठले. माझी सुट्टी संपत आली होती, तशीच निघाले.

शुक्रवारी घट बसायच्या आदल्या दिवशीची गर्दी होती. जेवणाच्या सुट्ट्या रद्द, मोबाईल नेहमीप्रमाणे लॉकरमध्ये. सहाच्या सहा काउंटर चालू, आणि वरून कुणी साहेब अचानक येणार अशी कुणकुण असल्यामुळं इंगवले प्रत्येक काउंटरमागं पाच पाच मिनिटं उभे राहत होते. दहा वाजेपर्यंत दारातल्या ढिगातल्या आठ पुड्या गेल्या होत्या. त्यातल्या तीन माझ्याच हातून. आमच्या गल्लीतल्या नलिनी वहिनी, कुंभारवाड्यातली एक म्हातारी आणि बँकेतला शिपाई. प्रत्येकाला मी काय विचारायचं ते ठरलेलं होतं. मोबाईल नंबर, सभासद कार्ड आणि पिशवी. चौथं वाक्य बोलायचं नाही. म्हातारीपुढं ते चौथं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तरी मी पुडी दिली.

अकराला आप्पा आले. टोपी नवी, बंडी धुतलेली. ढिगापाशी वाकून त्यांनी एक पुडी उचलली आणि माझ्या रांगेत येऊन उभे राहिले. लोक म्हणाले, "आप्पा, पुढं या." त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि नंबर येईपर्यंत थांबले. मी दर बिलागणिक त्यांना एकेक पाऊल पुढं येताना बघत होते.

इंगवलेसाहेब माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

आप्पांनी पुडी काउंटरवर ठेवली.

"एकच?" मी विचारलं.

"एकच."

मी पुडी हातात घेतली. मशीनपुढं धरली नाही. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग ते म्हणाले, "बिल दे बरं का. बिल पायजे मला."

ज्या माणसानं जन्मात कुणाकडून पावती घेतली नव्हती, कारण शब्द दिला की झालं, तो माणूस बिल मागत होता. तेव्हाच मला सगळं कळलं. एवढंच म्हणायचं होतं, आप्पा, हे मी करत नाही. पुडी काउंटरखाली टाकायची होती, उठायचं होतं, त्यांचा दंड धरून घरी न्यायचं होतं. मागं आठ माणसं होती. पाठीशी साहेब होते. वर कॅमेरा होता. इंगवल्यांनी घसा खाकरला.

मशीननं टुक केलं.

"मोबाईल नंबर?" मी विचारलं.

आप्पांनी माझा नाही, शेजारच्या सुमनकाकूंचा नंबर सांगितला. मी तो दाबला.

"सभासद कार्ड?"

"न्हाई."

"पिशवी पाहिजे का?"

"नको. हातातच नेतो."

बिलाची चिठ्ठी निघाली. त्यांनी ती चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि वर हात दाबून बघितला. मग निघून गेले. मी पुढच्या माणसाचा साबण हातात घेतला.

दुपारी अडीचपर्यंत मी बिलं करत होते. किती केली ठाऊक नाही. मनाची समजूत घालत होते की पुडी नुसती पुरावा म्हणून नेली असेल, उद्या स्वतः साहेबांपुढं येऊन भांडतील. आपल्याच मनाला किती बनवता येतं, ते मला त्या दुपारी कळलं. अडीचला शेजारच्या सुमनकाकू धापा टाकत दारात आल्या. अर्चनानं मला हाक मारायच्या आत मी उठले होते.

सरकारी दवाखान्यात आप्पांना सलाईन लावलेलं होतं. ओठ पांढरे, आणि दोन्ही हात चादरीवर थरथरत होते, थांबत नव्हते. सुमनकाकू सांगत होत्या, स्वतःच थालीपीठ लावलं, दोन खाल्ली, तासाभरात उलट्या सुरू झाल्या. परसदारी पडले होते, बरं झालं मी वाळवण काढायला आले. डॉक्टरांनी चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. आप्पांनीच शुद्धीवर आल्याबरोबर मागून घेतली म्हणे.

मी जवळ गेले. आप्पांनी थरथरता हात बंडीच्या खिशाकडं नेला. "बिल घे," ते म्हणाले. "जा. पळ."

मी पळाले. चपला दवाखान्यातच राहिल्या. इंगवल्यांनी मला बघितलं, बिल बघितलं, बिलावरचा काउंटर नंबर बघितला, आणि खुर्चीत बसून नंबर भरला, चिठ्ठीचा फोटो चढवला, बटण दाबलं. पान पुढं सरकलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठून स्वतः दारातला ढीग उचलून आत नेला. झेंडूच्या कागदी माळा तेवढ्या खाली राहिल्या.

ढीग लागल्यापासून आमच्या शाखेतून पुडी नेलेल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर मशीनमध्ये होते. मी एकूण एक ठिकाणी फोन केले. हे मात्र आमच्या दुकानाला जमलं नसतं. कुणीच खाल्लं नव्हतं, कारण उपवास उद्यापासून होता. कुंभारवाड्यातली म्हातारी तर माझ्यावरच उखडली. "मग आता उपासाला काय खाऊ गं? आधी सांगायचं न्हाईस व्हय?" मी म्हटलं, चुकलं माझं.

गावाला काहीच कळलं नाही. कुणी आजारी पडलं नाही, तर कळणार कसं? आप्पांना उपवासाआधीच उपवास बाधला म्हणून पेठेत दोन दिवस विनोद झाले, एवढंच.

मी दवाखान्यात परतले तेव्हा दिवस कलला होता. आप्पांचे हात शांत झाले होते. मी खाटेवर टेकले.

"नंबर लागला?"

"लागला. अकराही ठिकाणी बंद झालं."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी म्हटलं, "आप्पा, मुद्दाम खाल्लंत तुम्ही."

"मुद्दाम काय त्यात? आपल्यात माल आधी घरीच शिजतोय."

मला रडू आलं. ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "एकच धास्ती हुती मला."

"कसली?"

"तू बिल करणार न्हाईस ह्याची. लेकीची जात, काळीज बारीक करंल, अडवंल. पन न्हाई. माझ्याकडं बघितलंस, समदं वळखलंस, आन बिल केलंस. हात हालला न्हाई तुझा." ते दम घ्यायला थांबले. "तवाच म्हटलं, दुकान गेलं ते गेलं. शेट्याचं घर काय बुडालं न्हाई."

मला सांगायचं होतं की आप्पा, मागं साहेब उभे होते. आठ माणसं होती. मला नोकरीची भीती वाटली. मी गावाचा विचार केला नाही, तुमचाही केला नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे दुकान बंद झाल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या मानेखालची उशी सारखी केली.

आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. गावात बोलले नाहीत, पण घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट त्यांनी सांगितली. स्वतः काय खाल्लं ते एका वाक्यात उरकायचे आणि लेकीनं बिल कसं केलं ते रंगवून सांगायचे. मी त्या वेळी आत चहा टाकायला जायचे. इंगवलेसाहेब बदलून गेले आणि पुढं त्यांच्या खुर्चीत मी बसले, तेव्हा तर आप्पांनी ही गोष्ट शेजारच्या घरातही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितली.

शेवटच्या वर्षी एका दुपारी आम्ही दोघंच जेवत होतो. घास हातात तसाच ठेवून ते म्हणाले, "शैला, एक इचारायचं राहिलं बघ. त्या दिशी बिल करताना तुझ्या मनात काय आलं गं?"

खाल्लं नाही ते खाल्लं म्हणून न सांगणारा माणूस माझ्याकडं बघत होता. मी त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

"गाव," मी म्हटलं. "गावच आलं मनात, आप्पा."

आप्पांनी मान हलवली आणि भाकरी कुस्करायला घेतली.